एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, सुरू झाल्यावर झोप उडाली असेल तर

गोळी सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले आणि रोज रात्री अडीचच्या सुमारास टक्क जाग येते, असे तुम्ही म्हणालात. मी जुना रुग्ण आहे. माझ्या वेळी एफाविरेंझ असलेली गोळी झोपताना, रिकाम्या पोटी घ्यावी लागे, कारण तेलकट जेवणाबरोबर तिचे रक्तातील प्रमाण वाढे. तरीही इतकी स्पष्ट, भयंकर स्वप्ने पडत, की घामाने भिजलेली उशी उलटी करून मी पहाटेपर्यंत बसून राहत असे.

तुमच्या टीएलडी या तीन औषधांच्या एकत्रित गोळीत डोल्युटेग्राविर हे औषध ५० मिलिग्रॅम आहे. त्यानेही काहींची झोप उडते, आणि अशा वेळी रात्रीची गोळी सकाळी घेतल्याने पुष्कळांना आराम पडतो. मात्र वेळ परस्पर बदलू नका, आधी एआरटी केंद्रातील डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. झोपेसाठी एचआयव्हीची गोळी एक दिवसही चुकवू नका, मेडिकलमधून झोपेची गोळी आणू नका आणि दारूचा आधार तर मुळीच घेऊ नका.

सगळा दोष औषधाचाच असतो असेही नाही. घरात कोणाला कळेल, या धास्तीनेही रात्र सरत नाही. ते समुपदेशकांजवळ मोकळेपणाने बोला, किंवा १०९७ या राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनवर निःशुल्क फोन करा. मन फारच खचले, जीव नकोसा वाटला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्रात जा.