दुबईहून कायमचा परत आलो. बायनान्सचं खातं भारतात चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षं दुबईत नोकरी करून आता चिपळूणला कायमचे आलात. तिकडे उघडलेल्या बायनान्सच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीचं परदेशी एक्स्चेंज) खात्यात थोडं बिटकॉइन आणि थोडं यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) पडून आहे. मेहुणे म्हणतात भारतात बायनान्सवर बंदी आहे, मित्र म्हणतो बिनधास्त चालतं. खरं कोणाचं?

मित्राचं. पण मेहुण्यांनाही वेड्यात काढू नका, त्यांची बातमी खरी आहे, फक्त शिळी आहे. मी रत्नागिरीत एका कर सल्लागाराकडे काम करतो. आमच्याकडे आखातातून परतलेली मंडळी भरपूर, त्यामुळे हा गोंधळ बऱ्याचदा टेबलावर येतो.

झालं असं. मार्च 2023 मध्ये सरकारने क्रिप्टोचा धंदा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आणला. भारतातल्या गिऱ्हाइकांना सेवा द्यायची तर फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे (अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीतली, संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी यंत्रणा) नोंदणी हवी, मग तुमचं ऑफिस अंधेरीत असो की सेशेल्समध्ये. इथल्या एक्स्चेंजनी नोंदणी केली, परदेशातल्यांनी कानाडोळा केला. 28 डिसेंबर 2023 ला बायनान्स, कूकॉइन, क्रॅकेन, बिटफायनेक्स धरून नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा गेल्या आणि त्यांच्या वेबसाइट बंद करायची शिफारसही झाली. जानेवारी 2024 मध्ये त्यांची ॲप आधी ॲपलच्या, मग गूगलच्या स्टोअरवरून गेली. ज्यांच्या फोनात ॲप आधीपासून होतं त्यांचं काही दिवस चालत राहिलं, म्हणून ‘बंदी आहे’ आणि ‘चालतंय की’ ही दोन्ही वाक्यं एकाच चहाच्या टपरीवर एकाच वेळी ऐकू येत होती.

पुढे बायनान्सने नमतं घेतलं. जून 2024 मध्ये 18 कोटी 82 लाखांचा दंड झाला आणि ऑगस्टमध्ये त्यांनी नोंदणी झाल्याचं जाहीर केलं. कूकॉइन त्याआधीच साडेचौतीस लाख दंड भरून आत आलं होतं. बायबिटने जानेवारी 2025 मध्ये भारतातली सेवा थांबवली, 9 कोटी 27 लाखांचा दंड झाला, नोंदणी करून तेही परत आले. ओकेएक्सने मात्र 2024 मध्ये इथला गाशाच गुंडाळला. ऑक्टोबर 2025 मध्ये आणखी पंचवीस परदेशी एक्स्चेंजना नोटिसा निघाल्या, त्यात बिटमेक्स, पोलोनिएक्स, एलबँक अशी नावं होती. म्हणजे एखादं एक्स्चेंज भारतात चालतं का याचं उत्तर दर सहा महिन्यांनी बदलू शकतं. तारीख न बघता यूट्यूबवर विश्वास ठेवू नका. माझ्या या उत्तरावरही नको, आधी त्या एक्स्चेंजची आजची नोंदणी बघून घ्या.

आता तुमच्या खात्याबद्दल. एक्स्चेंज बघतं ते तुम्ही राहता कुठे हे, पासपोर्ट कुठला ते दुय्यम. तुमची केवायसी दुबईच्या पत्त्यावर आणि एमिरेट्स आयडीवर झालेली असणार. व्हिसा रद्द झाला की तो आयडीही गेला. तेव्हा आधी खात्यात राहण्याचा देश बदला, पॅन आणि इथल्या पत्त्याचा पुरावा द्या. एप्रिल 2025 पासून बायनान्सने भारतातल्या जुन्या गिऱ्हाइकांकडूनही नव्याने केवायसी मागितली आहे, त्यामुळे हे आज ना उद्या करावंच लागेल. व्हीपीएन लावून दुबईतच असल्याचं सोंग आणू नका. लॉगिन होईल, पण पैसे काढायच्या वेळी कागद मागितले तर दाखवणार काय?

खरी अडचण इथूनच सुरू होते. ॲप उघडणं वेगळं आणि बँकेत रुपये येणं वेगळं. कॉइनबेस या अमेरिकी एक्स्चेंजचंच बघा. एप्रिल 2022 मध्ये बेंगळुरूत वाजतगाजत आले, यूपीआयने पैसे भरा म्हणाले. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने त्याच दिवशी सांगितलं की यूपीआय वापरणारं कुठलंही क्रिप्टो एक्स्चेंज आम्हाला माहीत नाही. काही दिवसांत ती सोय बंद. दुकान उघडं होतं, गल्ल्यात पैसे टाकायला फट नव्हती! बँकांना क्रिप्टोवाल्यांना सेवा द्यायला मनाई करणारं रिझर्व्ह बँकेचं 2018 चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 ला रद्द केलं, त्यामुळे कागदावर बँकांना मनाई नाही. तरी खात्यात क्रिप्टोचा वास आला की त्या नाक मुरडतातच.

मग लोक काय करतात, तर पी टू पी. तुमचं यूएसडीटी एखाद्या अनोळखी माणसाला विकायचं, तो यूपीआयने रुपये पाठवणार. मीही 2023 मध्ये 200 यूएसडीटी असेच विकले. पैसे दोन मिनिटांत आले. पाठवणाऱ्याचं नाव ॲपवरच्या नावाशी जुळत नव्हतं, मी म्हटलं भावाच्या खात्यातून पाठवले असतील. अकराव्या दिवशी पेट्रोल पंपावर क्यूआर स्कॅन केला, पेमेंट फेल. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, मागे रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. बँकेत गेलो तर कळलं, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून खातं गोठवलंय. मला आलेले सतरा हजार कोणाला तरी फसवून उकळलेले होते, ते तीन-चार खात्यांतून फिरत माझ्याकडे आले होते. माझा पगारही त्याच खात्यात. चार महिने मी त्या ठाण्याला ईमेल पाठवत होतो, ॲपवरच्या चॅटचे स्क्रीनशॉट, ऑर्डर नंबर, बँकेचं स्टेटमेंट, सगळं. बँकेतल्या बाईंचं वाक्य पाठ झालं: ‘पोलिसांचं पत्र आणा, आमच्या हातात काही नाही.’ शेवटी पत्र आलं. तोवर घरखर्च बायकोच्या पगारावर, आणि टोमणे वेगळे.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर बायनान्सवरून थेट विकलंच नसतं. इथल्या नोंदणीकृत आणि रुपयांत व्यवहार करणाऱ्या एक्स्चेंजवर खातं काढून कॉइन तिकडे पाठवली असती आणि तिथे विकून आपल्याच नावाच्या खात्यात रुपये घेतले असते. पाठवताना नेटवर्क (कॉइन ज्या ब्लॉकचेनवरून जातं ती) दोन्हीकडे एकच निवडा, आधी अगदी थोडं पाठवून बघा. चुकीच्या नेटवर्कवर गेलेलं यूएसडीटी परत आणताना भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येतो.

नोंदणीकृत म्हणजे सुरक्षित, असं मात्र धरून चालू नका. ती नोंदणी काळ्या पैशावर लक्ष ठेवण्यासाठी आहे, तुमच्या पैशाची हमी म्हणून नाही. वझीरएक्स भारतातलं, नोंदणीकृत. 18 जुलै 2024 ला तिथून साधारण 23 कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि लोकांचे व्यवहार ऑक्टोबर 2025 पर्यंत अडकून पडले. विकायचं असेल तर विका आणि बाहेर पडा, तिथे मुक्काम नको.

करावर थोडं जास्त बोलतो, कारण तुमची फाइल इथेच वेगळी आहे. एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर, वर सेस. विकत घेतल्याची किंमत वजा होते, बाकी कुठलाही खर्च नाही. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. जुलै 2022 पासून ठरावीक रकमेवरच्या व्यवहारावर 1 टक्का टीडीएस आहे. आणि लोक हमखास विसरतात ते हे: बिटकॉइन देऊन यूएसडीटी घेतलं, तरी कायद्याच्या नजरेत ती विक्रीच. रुपये हातात आले नाहीत म्हणून कर नाही, असं नसतं.

आता तुमचं. परतल्यावर माणूस लगेच पूर्ण रहिवासी होतोच असं नाही. आधीच्या सात वर्षांत भारतातला मुक्काम 729 दिवसांपर्यंत असेल तर ‘रहिवासी पण सामान्यतः रहिवासी नाही’ असा दर्जा मिळतो. तुम्ही वर्षाला महिनाभर सुट्टीवर येत असाल तर सात वर्षांचे 210 दिवस होतात, म्हणजे तुम्ही त्यात आरामात बसता. या काळात बाहेरच्या देशातल्या उत्पन्नावर बहुतेक वेळा इथे कर लागत नाही आणि रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ताही भरावा लागत नाही. पण क्रिप्टो नेमकी कुठल्या देशात ‘आहे’ असं मानायचं, यावर सीए मंडळींतच एकमत नाही. तेव्हा इथल्या एक्स्चेंजवर कॉइन आणण्याआधी पासपोर्टवरचे शिक्के मोजून घ्या आणि सगळं घेऊन एका सीएसमोर बसा. आधी विकून मग विचारायला येणाऱ्यांना आमचे साहेब चहा पाजतात, पण त्यांचा कर काही कमी होत नाही.

आणि हो, बायनान्सच्या खात्याला दुबईचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ते सिम बंद पडू देऊ नका. ओटीपी त्याच्यावर येणार. आजच रिचार्ज करा, लॉगिन करून भारतातला नंबर जोडा आणि 2018 पासूनचं, किंवा जेव्हा खातं काढलं तेव्हापासूनचं, व्यवहारांचं स्टेटमेंट उतरवून घ्या. खरेदीची किंमत त्याच कागदावर आहे.