माल्टा पाहायचं ते पाण्यावरून

प्रश्न : आमची मुलगी माल्टात नर्स आहे. ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. तिच्या ड्यूट्या असल्यामुळे बरेच दिवस आमचं आम्हालाच फिरावं लागेल. ती म्हणते, वॉटर टॅक्सीने फिरा. पण ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि मला एसटीतसुद्धा मळमळतं. होडीत चढणं-उतरणं जमेल का? की सरळ बेटाभोवतीची दिवसभराची क्रूझ घ्यावी? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, क्रूझ घेऊ नका. मोठी बोट म्हणजे कमी हलणार असं वाटतं, पण बेटाला पूर्ण वळसा घालायचा तर कुठल्या ना कुठल्या बाजूला वारा अंगावर येणारच. त्यात मळमळायला लागलं, तर मधेच उतरता येत नाही. मी जहाजावर नोकरी केली आहे. मुरलेले खलाशीसुद्धा अशा वेळी गप्प पडून राहतात. लेकीचं ऐका. छोट्या होडीचा छोटा पल्ला घ्यायचा, उतरायचं, जमिनीवर हिंडायचं आणि पुन्हा होडीत बसायचं.

सुरुवात राजधानी वालेत्ताच्या ग्रँड हार्बर या बंदरापासून करा. बंदराच्या तोंडाशी लाटा अडवणारा बांध आहे, त्यामुळे आतलं पाणी एरवी शांत असतं. वालेत्ताच्या धक्क्यावरून समोरच्या बिर्गू गावाला ‘डायसा’ नावाच्या होड्या जातात. पुढचं आणि मागचं टोक उंच, अंगावर भडक रंग. पूर्वी नावाडी उभा राहून वल्हवायचा, आता मागे इंजिन असतं. पाच-दहा मिनिटांत माणूस पलीकडे. बसण्याआधी भाडं ठरवा आणि नुसतं पलीकडे जायचंय की बंदरातून फेरी मारायचीय, तेही स्पष्ट सांगा. दोन्हींचे दर वेगळे असतात. सुटे युरो जवळ ठेवा.

फेरीच घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. हे सगळं शहर समुद्राकडून येणाऱ्याला धाक बसावा म्हणून बांधलेलं आहे. बिर्गूच्या गल्लीतून चालताना सेंट अँजेलो किल्ल्याची एखादी भिंत दिसते, होडीतून तोच किल्ला पाण्यातून सरळ वर उठलेला दिसतो. १५६५ साली ऑटोमन तुर्कांच्या आरमाराने माल्टाला वेढा घातला, तेव्हा सेंट अँजेलोपासून समोरच्या सेंग्लेआ गावापर्यंत पाण्यावर लोखंडी साखळी ताणून खाडी बंद केली होती. तुमची होडी त्याच खाडीत शिरेल. वालेत्ता वसवलं ते वेढा उठल्यावर, १५६६मध्ये. सेंग्लेआच्या टोकाला टेहळणीची दगडी चौकी आहे, तिच्यावर डोळा आणि कान कोरलेले आहेत. नावाड्याला म्हणावं, जरा जवळून ने.

वेळ सांभाळा. सकाळी ऊन वालेत्ताच्या तटावर पडतं, दुपारनंतर बिर्गू-सेंग्लेआवर. तिथला पिवळट चुनखडीचा दगड उन्हात अक्षरशः पेटतो. म्हणून सकाळी जाताना तोंड मागे वालेत्ताकडे ठेवा आणि चारच्या पुढे परतताना बिर्गूकडे. बारा वाजता वालेत्ताच्या तटावरून तोफ सुटते. दचकू नका, रोजचीच आहे.

आता गुडघा. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावालाच आहे, माल्टात तर जेमतेम वीतभर. आपल्या कोकणात ओहोटीला होडी धक्क्याच्या कितीतरी खाली जाते आणि निसरड्या पायऱ्या उतराव्या लागतात, तसं तिथे होत नाही. त्रास होतो तो जवळून जाणाऱ्या बोटींच्या लाटांचा. ती लाट जाऊ द्यायची, होडी वर आली की पाऊल टाकायचं. पाऊल होडीच्या मधोमध, काठावर कधीच नाही. नावाड्याचा हात मनगटाशी धरायचा आणि लगेच बसायचं. पहिल्या दिवशी मात्र ह्यांना डायसाऐवजी सार्वजनिक फेरीबोटीने न्या. तिला फळी लावतात, ते सोपं पडतं. धक्क्यावरून वर शहरात जायला जिना चढायची गरज नाही. २०१२ साली सुरू झालेली ५८ मीटर उंचीची बाराक्का लिफ्ट थेट वरच्या बागेत सोडते. मला विचाराल तर अख्ख्या माल्टात वयस्कर माणसांसाठी केलेली ही सगळ्यात चांगली सोय.

मळमळीसाठी: उपाशीपोटी बसू नका, मोबाइलमध्ये डोकं घालू नका, नजर दूरच्या किनाऱ्यावर ठेवा. बसायचं मध्यावर किंवा मागे, टोकाला सगळ्यात जास्त उसळतं. गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही.

हे जमलं की मग ब्लू ग्रोटो. दक्षिण किनाऱ्यावर विएद इझ-झुर्रिएक नावाचं चिंचोळं बंदर आहे, तिथून लहान होड्या गुहांमध्ये नेतात. फेरी साधारण वीस मिनिटांची. सकाळीच जा. ऊन तिरपं आत शिरतं आणि तळाशी आपटून वर येतं, म्हणून पाणी खालून दिवा लावल्यासारखं निळं दिसतं. दुपार कलली की ते जातं. इथे समुद्र उघडा आहे. जोर असला तर होड्या सुटतच नाहीत, म्हणून घरून निघण्याआधी मुलीला फोन करून चौकशी करायला सांगा. समोर फिल्फ्ला नावाचा खडक दिसेल. ब्रिटिश आरमार त्याच्यावर तोफांचा सराव करायचं. आता तिथे पक्ष्यांसाठी अभयारण्य आहे, उतरायला बंदी.

ऑक्टोबर तुम्ही छान निवडलात. उन्हाळ्याचा तडाखा संपलेला, पाणी अजून कोमट. एखाद दिवशी मात्र वादळी पाऊस येतो, तो दिवस वालेत्तातल्या सेंट जॉन्स को-कॅथीड्रल या चर्चला द्या. टोपी बंदाची घ्या; साधी टोपी पहिल्याच वाऱ्याला पाण्यात जाते.

प्रश्न : ब्लू लगून आणि गोझो बेटावरची ती प्रसिद्ध दगडी कमान एकाच दिवशी होडीने होईल का? जूनमध्ये चौघे मित्र जातोय. – एक वाचक, सांगली

उत्तर : कमान आता नाही. ८ मार्च २०१७ला वादळात ती समुद्रात कोसळली. तरीही जुने फोटो अजून जाहिरातींत फिरतात, याचं मला वाईट वाटतं. पण ती जागा, द्वेजरा, सोडू नका. तिथे ‘इनलँड सी’ नावाचं खाऱ्या पाण्याचं तळं आहे. होडी त्यातून डोंगराखालच्या अंधाऱ्या बोगद्यातून निघते आणि एकदम उघड्या समुद्रात येते. तरुण असाल तर ब्लू लगूनपेक्षा हे जास्त लक्षात राहील.

ब्लू लगूनचं पाणी सुंदर आहे, यात वाद नाही. पण ते ज्या छोट्या बेटावर आहे, त्या कोमिनोवर सावली जवळजवळ नाही आणि जूनमध्ये अकरानंतर पाय ठेवायला जागा मिळत नाही. माल्टाच्या उत्तर टोकाच्या चिर्केव्वा बंदरातून सकाळची पहिली होडी धरा. २०२५पासून ब्लू लगूनला उतरण्यासाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी लागते, ती आधी करून ठेवा. दहा-साडेदहाला तिथून निघा. गोझोसाठी चिर्केव्वाहूनच मोठी फेरीबोट मिळते, साधारण पंचवीस मिनिटं लागतात. पुढे द्वेजराला बस किंवा टॅक्सी. दोन्ही एका दिवसात होईल, पण पोहण्याचा वेळ कापावा लागेल. जमल्यास एक रात्र गोझोवर राहा.