मेकॅनिक्सची उजळणी: सूत्रांआधी आकृती

अकरावीचं मेकॅनिक्स पुन्हा काढतोयस, छान! सूत्रांची वही तूर्त मिटून ठेव आणि काही दिवस नुसते फ्री बॉडी डायग्राम काढ, म्हणजे एकच वस्तू आणि तिच्यावरची सगळी बलं बाणांनी दाखवणारी आकृती. प्रत्येक बाणाला विचार: हे बल कोण लावतंय? उत्तर नसेल तर बाण खोड. ‘गतीचं बल’ असं काही नसतं. वर फेकलेला चेंडू हातातून सुटला की, हवेचा विरोध सोडला तर, त्यावर फक्त गुरुत्वाकर्षण. सगळ्यात वरच्या टोकाला वेग शून्य, पण त्वरण तिथेही ९.८ मी/से², खालच्या दिशेनं. इथे भलेभले घसरतात.

आणखी दोन नेहमीच्या चुका:
- पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा नॉर्मल (टेबल पुस्तकाला वर ढकलतं ते बल) यांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी समजणं. जोडीतली बलं दोन वेगळ्या वस्तूंवर असतात; इथे दोन्ही पुस्तकावरच आहेत, मग जोडी कशी?
- धन (प्लस धरलेली) दिशा गणिताच्या मध्येच बदलणं.

रोटेशनला (फिरणाऱ्या वस्तूंच्या धड्याला) आत्ता हात लावू नकोस. उतारावरच्या ठोकळ्याचं गणित उत्तर न बघता सुटलं की पुढचं विचार.