मी खरंच दुजाभाव करते का?

"दोन्ही पोटचीच पोरं. मग मी दुजाभाव करते असं थोरला का म्हणतो?" सांगलीत हा प्रश्न घेऊन माझ्याकडे अनेक आया येतात. त्यातल्या एका काकूंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

थोरला मार्केट यार्डात वडिलांबरोबर हळदीची अडत सांभाळतो, धाकटा पुण्यात नोकरीला. "मी काहीही केलं तरी तुला त्यात खोटच दिसते," असं थोरला चिडून बोलला आणि ते काकूंच्या जिव्हारी लागलं.

"तुम्ही पक्षपात करता" असं मी कुणाला तोंडावर सांगत नाही. उपयोगच होत नाही. मानसशास्त्रज्ञ एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हेच मांडलं: पूर्वग्रह दुसऱ्यातला चटकन दिसतो, स्वतःतला नाही. मन कितीही चाचपलं तरी आपल्याला ते स्वच्छच वाटतं.

म्हणून वही दिली. मुलांचं काही खटकलं की त्याच दिवशी लिहून ठेवायचं.

वहीत होतं: "थोरल्याने बीपीची गोळी आणली नाही. त्याला माझी काळजीच नाही." पुढच्याच पानावर: "धाकट्याचा रविवारीही फोन नाही. कामात अडकला असेल बिचारा."

मी म्हटलं, "काकू, नावांची अदलाबदल करून मोठ्याने वाचा."

"धाकट्याने गोळी आणली नाही. त्याला माझी काळजीच..." त्या थांबल्या. "नाही हो मॅडम, तो असा नाही."

"मग थोरला तसा आहे?"

बऱ्याच वेळाने त्यांना आठवलं, त्या दिवशी सौदे लांबले होते, पोरगा जेवलाही उशिरा.

समोरच्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थितीकडे काणाडोळा करायचा, या चुकीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली 'फंडामेंटल अ‍ॅट्रिब्युशन एरर' असं नाव दिलं. माझा अनुभव असा की लाडक्या माणसाला यातून आपोआप सूट मिळते, आणि रोज डोळ्यांसमोर असणाऱ्याला ती क्वचितच मिळते. राबणाऱ्या मुलावर हा मोठा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

काकूंची धाकट्याकडची ओढ आजही आहे. ती घालवा असं मी म्हटलंही नाही. फक्त आता निकाल देण्याआधी त्या थोरल्याला विचारतात, "काय झालं रे आज?" पुढच्या भेटीला थोरलाही येतोय. "आई कायमच" अशी सुरू होणारी त्याची वाक्यंही वहीत उतरवायची आहेत.