मॉडेल बदललं, टेबल का बदलत नाही?

प्रश्न: सर, जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आमच्या क्लासचं छोटं अ‍ॅप बनवतोय. मॉडेलमध्ये मोबाइल नंबरचं नवीन फील्ड टाकलं, सर्व्हर रिस्टार्ट पण केला, तरी 'नो सच कॉलम' हाच एरर. टेबल उडवून परत बनवू का?

उत्तर: अरे थांब, टेबलला हात लावू नकोस! मॉडेल म्हणजे नुसता पायथनचा क्लास, तो बदलला म्हणून डेटाबेसला काही कळत नाही. आधी मेकमायग्रेशन्स ही कमांड चालव, ते जुन्या मायग्रेशन फायलींशी (टेबलात काय बदल करायचे ते लिहिलेल्या फायली) तुझं मॉडेल ताडून बघतं आणि जो फरक असेल त्याची नवीन फाइल लिहितं, पण टेबल अजून तसंच असतं बरं का, ते बदलतं मायग्रेट कमांड चालवल्यावरच. मधे एसक्यूएलमायग्रेट कमांडला अ‍ॅपचं नाव आणि फाइलचा नंबर दे, नेमकं काय एसक्यूएल (डेटाबेसला द्यायच्या आज्ञा) चालणार ते दिसतं. मी दरवेळी बघतो, कारण फील्डचं नाव बदललं की मेकमायग्रेशन्स 'रिनेम केलंय का' असं विचारतं आणि घाईत नुसतं एंटर दाबलं तर ते 'नाही' धरलं जातं, मग जुना कॉलम डेटासकट गायब. हात पोळलेत माझे.

आणि हो, नवीन फील्डला डीफॉल्ट दे नाहीतर नल (म्हणजे रिकामं) चालेल असं सांग, जुन्या नोंदींमध्ये काय भरायचं ते जँगोला कळायला हवं ना. २०१४ च्या १.७ व्हर्जनपासून हे मायग्रेशनचं काम जँगोतच आहे, त्याआधीची सिंकडीबी ही कमांड फक्त नवीन टेबलं बनवायची, असलेल्या टेबलात कॉलम जोडायची नाही, म्हणून लोक साउथ नावाचं पॅकेज वेगळं टाकायचे. मायग्रेशनच्या फायली गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) टाकायला विसरू नकोस.