कर्नल मॉड्यूलमधून फाइल कशी वाचायची?

प्रश्न: सर, कॉलेज प्रोजेक्टसाठी लिनक्सचं छोटं मॉड्यूल (कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, लोड होणारा कोड) लिहितोय, लोड झालं की ईटीसी फोल्डरमधल्या फाइलमधून त्याने दोन-तीन सेटिंग वाचावीत असं हवंय. सीनियरने दिलेल्या जुन्या कोडमध्ये सेट_एफएस आहे, ते उबुंटू 24.04 वर कंपाइलच होत नाही, आणि ती ओळ काढली तर व्हीएफएस_रीड सापडत नाही म्हणून रडतं. काय करू?

उत्तर: सीनियरचा कोड त्याच्या काळात चालत असणार हो. व्हीएफएस_रीड हे फाइल वाचायचं फंक्शन मुळात यूजर प्रोग्रामसाठी, त्यामुळे बफरचा पत्ता यूजरच्या मेमरीतला आहे ना हे ते आधी बघतं, तुम्ही कर्नलचा पत्ता दिलात की उणे 14, म्हणजे ईफॉल्ट (चुकीचा पत्ता) ही एरर, तोंडावर मारतं. सेट_एफएस ही तपासणीच सैल करायचं, आणि परत घट्ट करायची राहिली की मेलात. 2010 मध्ये तर असं सापडलं की मधेच ऊप्स (कर्नलमधली गंभीर चूक) झाला तर ती सैल अवस्था तशीच राहायची आणि त्यावरून साधा यूजर रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) होऊ शकायचा! एक्स86 (नेहमीचे इंटेल-एएमडी प्रोसेसर) वरून सेट_एफएस कर्नलच्या 5.10 आवृत्तीत गेलं, उरलंसुरलं 2022 च्या 5.18 मध्ये. व्हीएफएस_रीड तर मॉड्यूलसाठी 4.14 पासूनच बंद.

आता फाइल उघडायला फिल्प_ओपन, वाचायला कर्नल_रीड, बंद करायला फिल्प_क्लोज वापरा, लिहायचं असेल तर कर्नल_राइट. ओपन फसलं तर नल मिळत नाही बरं का, एरर नंबरच पॉइंटर म्हणून येतो, तेव्हा इझ_एररने तपासा, नाहीतर कर्नल ऊप्स. कर्नल_रीडला पोझिशनचा (फाइलमध्ये कुठून वाचायचं त्याचा) पॉइंटर शेवटी द्यायचा, जुन्या कोडमध्ये क्रम वेगळा दिसेल. आणि इंटरप्ट हँडलरमध्ये (हार्डवेअरच्या हाकेला लगेच धावणारा कोड) किंवा स्पिनलॉक (धरल्यावर झोपता न येणारं कुलूप) धरून हे अजिबात नको, डिस्कची वाट बघत झोपायला लागलं की लॉगमध्ये ‘शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक’ येतं.

पण खरं सांगू का, दोन-तीन सेटिंगसाठी फाइल कशाला? उद्या कंटेनरमधून (स्वतःची वेगळी फाइल-व्यवस्था दिसणाऱ्या बंदिस्त वातावरणातून) कोणी मॉड्यूलला हात लावला तर तोच पाथ भलत्याच फाइलकडे जाईल. मॉड्यूलला बाहेरून किंमत देणारं मॉड्यूल_पॅरम वापरा, इनस्मॉड (मॉड्यूल लोड करायची कमांड) करताना पुढे ‘स्पीड=3’ असं लिहिलं की झालं, आणि परमिशन 0644 दिलीत तर सिस-एफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणारं फोल्डर) मॉड्यूलच्या पॅरामीटर्स फोल्डरमधून रूटला किंमत नंतरही बदलता येते. मोठा डेटा लोड करायचा असेल तर रिक्वेस्ट_फर्मवेअर आहेच, फाइल लिब-फर्मवेअरमध्ये ठेवा. डीबगची माहिती बाहेर काढायची असेल तर डीबग-एफएस, तेही असंच फाइलरूपातलं फोल्डर.