दोघांच्या सासवा मायलेकी

प्रिय सई,

आजीने रविवारी फोनवर घातलेले कोडे असे होते. एक माणूस शेतात औत हाकतो आहे आणि एक बाई डोक्यावर पाटी घेऊन त्याची न्याहारी आणते आहे. बांधावरून जाणारा परगावचा पाहुणा विचारतो, "ही तुमची कोण?" तेव्हा तो माणूस सांगतो, "हिची सासू आणि माझी सासू मायलेकी." उत्तर 'सून' आहे हे आजीकडून कळल्यावर तू मला विचारलेस, की मग "माझी सून" एवढेच सांगून तो मोकळा का झाला नाही?

आधी कोडे नीट पाहू, कारण आजीचे उत्तर बरोबर असले तरी ते एकमेव नाही. त्याच्या सासूची लेक म्हणजे त्याची बायको, आणि तीच या बाईची सासू, असे धरले तर ही त्याची सून ठरते. ती लेक बायकोची बहीण असेल, तर ही मेहुणीची सून झाली. पण आई कोणाची सासू आणि लेक कोणाची, हे त्याने सांगितलेलेच नाही. उलट बाजूने मांडले, तर त्याची सासू ही या बाईची नणंद होते, त्याची बायको नणंदेची मुलगी होते, आणि ही बाई त्याची मामेसासू ठरते.

आता तुझा प्रश्न. जुन्या घरांत सासरा आणि सून यांच्यामध्ये एक अंतर पाळले जाई. सासरा ओसरीवरून आत येताना खाकरून वर्दी देई, सून डोईवरचा पदर सावरून गरजेपुरतेच बोले, आणि नवऱ्याचे नाव तर ती उखाण्यातच घेई. घरातल्या माणसांविषयी असे आडवळणाने बोलण्यात मर्यादा होती आणि गंमतही होती. शिवाय गावात माणूस ओळखला जातो तो नात्यावरून. पाहुण्याला नावाआधी "कुणाकडचे?" असे विचारतात. माझ्या आजोळी गिरणीवाले मामा माझे दळण रांगेतून पुढे घेत, ते केवळ मी गावच्या लेकीचा मुलगा म्हणून. रक्ताचे नाते काहीच नव्हते, तरी आईच्या वयाचा गावातला प्रत्येक पुरुष माझा मामाच होता. अशा गावात पारावर बसलेल्या कोणालाही हे कोडे घातले असते, तर त्याने ते चुटकीसरशी सोडवले असते, कारण कोणाचे माहेर कुठले आणि कोण कोणाच्या घरात दिली, हे सर्वांना तोंडपाठ असे.

आणखी एक गोष्ट तुला उपयोगी पडेल. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रात अनेक समाजांत होती आणि काही ठिकाणी आजही आहे, त्यामुळे पुष्कळ मुलींची आत्याच त्यांची सासू होई. नात्यातली सासू नसली तरी सुना तिला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणत, ते त्याच रीतीला धरून.

तो पाहुणा उत्तर ऐकून लगेच पुढे निघाला, नाहीतर त्याला कागद-पेन्सिलही लागली नसती. पाटी खाली ठेवताना ती बाई "मामंजी, भाकरी आणलीय" म्हणाली असती, तर ती सून. आणि "जावईबापू, हातपाय धुऊन घ्या" म्हणाली असती, तर मामेसासू. रविवारी आजीला ही दुसरी बाजू तू स्वतः मांडून दाखव.

तुझे,
बाबा